तीन नंबरचा प्रिंटर आणि काका

इंदूरच्या आमच्या ऑफिसात प्रिंटर तीन, आणि त्यातला कुठलाही अडला की हाक एकच, "काका!" काका म्हणजे चहा देणारे, फायली पोहोचवणारे, ट्रेमध्ये कागद भरणारे. त्यामुळे प्रिंटर रुसला की दोषही त्यांचाच. तीन नंबरच्या प्रिंटरवरून त्यांच्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी झाल्या होत्या. एजन्सीमार्फत आलेला माणूस. तिसरी तक्रार झाली की दुसरा मागवायचा, असं वरून जवळपास ठरलंच होतं.

मी तिथे कंटेंट रायटर. इंग्रजीत बीए केलेल्या मुलीचं नेटवर्कशी काय काम, असं आईसुद्धा विचारते. पण आमचं नेटवर्क सांभाळणारा मुलगा 'नागिओस' नावाचं सॉफ्टवेअर बसवत होता आणि त्याची सोप्या भाषेतली माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून आठवडाभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

नागिओस ईथन गॅल्स्टॅड यांनी 1999 मध्ये 'नेटसेंट' या नावाने आणलं होतं. आजचं नाव नंतरचं. त्याचं काम घरातल्या आजीसारखं. ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला विचारायचं, "बरा आहेस ना?" प्रिंटरसाठी नमुन्याची फाइल त्यात तयारच असते. मुख्य फाइलमध्ये तिच्या ओळीपुढे हॅशची खूण असते, ती पुसली की फाइल कामाला लागते. मग प्रिंटरचं नाव आणि आयपी पत्ता लिहायचा. हा पत्ता कायमचा बांधून ठेवावा लागतो, नाहीतर प्रिंटर उद्या घर बदलतो आणि आपण जुन्याच दारावर थापा मारत बसतो.

विचारपूस दोन प्रकारची. 'पिंग' फक्त एवढंच बघतं की पलीकडून उत्तर येतं का. दुसरी तपासणी एचपीच्या प्रिंटरशी एसएनएमपी या भाषेत बोलते आणि कागद संपलाय, अडकलाय की झाकण उघडं राहिलंय ते सांगते. नमुन्यात ती दर 10 मिनिटांनी होते. गडबड दिसली की दर मिनिटाला. त्यासाठी लागणारा परवलीचा शब्द बहुतेक ठिकाणी 'पब्लिक' असाच ठेवलेला असतो, म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच लटकवलेली. आम्ही तो बदलला.

साहेबांचा पहिला प्रश्न होता, "कोण किती पानं छापतं, ते कळेल ना?" या तपासणीतून ते कळत नाही. मला तर बरंच वाटलं.

खरी गंमत पुढे आहे. तीन नंबरचा प्रिंटर एका छोट्या स्विचमधून जोडलेला होता, आणि त्या स्विचलाही स्वतःचा पत्ता होता. नागिओसमध्ये एका यंत्राचा 'पालक' कोण, ते लिहिता येतं. त्या मुलाने स्विचला प्रिंटरचा पालक केलं. त्यानंतर पालकच बंद असेल, तर प्रिंटरपुढे 'बंद' असं न येता 'पोहोचता येत नाही' असं येतं. दोन्हींत फरक आहे. पहिल्यात प्रिंटरकडे जायचं, दुसऱ्यात वाटेकडे बघायचं.

आठवड्याची नोंद काढली. कामाच्या पाचही दिवशी, दुपारी एक ते दीडच्या दरम्यान, तीन नंबर 'पोहोचता येत नाही'. त्या वेळी काका खालच्या मजल्यावर डबा खात असतात.

आम्ही एक वाजता पँट्रीत जाऊन उभे राहिलो. स्विचचा प्लग पँट्रीच्या बोर्डात होता. पहिला डबा गरम करायला आलेल्या माणसाने सहज तो प्लग काढला, मायक्रोवेव्हचा लावला, आणि शेवटच्याने आठवण झाल्यावर परत घातला. काकांच्या तक्रारीवर सही करणाऱ्यांपैकी एक जण त्याच रांगेत होते, हातात पोह्यांचा डबा घेऊन.

नोंदीचा कागद मी स्वतः छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. स्विचला वेगळा बोर्ड मिळाला. दोन्ही तक्रारींवर रेघ मारली गेली. माफी मात्र कुणी मागितली नाही, हे मला अजून खटकतं. काका एवढंच म्हणाले, "बेटा, वो कागज मुझे भी एक दे दे।" त्यांनी तो घडी करून पाकिटात ठेवला.

सूचना आता थेट काकांच्या फोनवर जातात. नागिओसचे मूळ संदेश इंग्रजीत असतात. पण संदेश पाठवणारी आज्ञा आपल्याला बदलता येते. मी छोटे हिंदी संदेश लिहून दिले: 'दो नंबर, कागज खत्म.' आतापर्यंत लिहिलेल्या मजकुरात सगळ्यात उपयोगी हाच असावा.

टोनरचं कोडं अजून सुटलेलं नाही. काही प्रिंटर किती शाई उरली याचं उत्तर 'उणे तीन' असं देतात. त्याचा ठरलेला अर्थ, 'आहे थोडी'. किती, ते नाही. काका तोवर टोनर काढतात, आडवा धरून हलवतात, परत बसवतात आणि सांगतात, "अभी चलेगा."