झाड त्यांचं, कौलं आपली

वसईकराचं झाडांशी नातं लाडाचं असतं आणि धाकाचंही. ऑफिसातल्या मित्रांना वीकएंडला घरी बोलवायचं, नारळ-केळीच्या वाड्या दाखवायच्या, ‘हरित वसई’साठी इथल्या लोकांनी केलेल्या आंदोलनाची गोष्ट सांगायची आणि कॉलर ताठ करायची. मग जून उजाडला, वारा सुटला की तेच झाड खिडकीतून जरा जास्तच जवळ दिसायला लागतं!

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं, तो सोमवार. पापडीजवळच्या आमच्या मामांच्या कौलारू घरावर शेजाऱ्यांच्या आंब्याची भलीमोठी फांदी आली. माणसं मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. पुढची पडवी गेली, वासे मोडले, टीव्ही आणि कपाट भिजून चिंब. दुसऱ्या दिवशी मामी कंपाउंडपाशी जाऊन म्हणाल्या, ‘‘अहो भाऊ, झाड तुमचं, मग खर्च कोणी करायचा?’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘वहिनी, वादळ काय मी आणलं?’’

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. पण त्या दिवसापासून कैऱ्यांची पिशवी यायची बंद झाली. वीस-बावीस वर्षांचा शेजार एका फांदीखाली गेला. पडवी मामांनी स्वतःच्या खिशातून उभी केली. शेजार काही अजून उभा राहिलेला नाही.

त्यानंतर विरारच्या माझ्या फ्लॅटसाठी मी पॉलिसी घेतली आणि ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये ती चक्क वाचून काढली. फंडा एकदम सोपा निघाला. विमा कंपनी झाड कोणाचं हे बघून पैसे देत नाही, ती घर कोणाचं हे बघते. शेजाऱ्याचं झाड असो, पालिकेचं असो की तुमच्याच आजोबांनी लावलेलं असो, तुमच्या घराचं नुकसान तुमची पॉलिसी भरते. शेजाऱ्याकडूनच वसूल करायचं, तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. झाड पोखरलंय हे त्याला माहीत होतं, तरी तो गप्प बसला, असं काहीतरी. त्यासाठी आधी दिलेलं लेखी पत्र हाताशी हवं. शेजाऱ्याला असं पत्र कोण देतो हो!

१ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे तौक्तेच्या जेमतेम दीड महिना आधी, विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी सुरू झाली. आग, भूकंप, पूर, वादळ तर त्यात आहेच, पण बाहेरची वस्तू घरावर आदळून होणाऱ्या नुकसानीच्या उदाहरणांत ‘पडणारी झाडं’ हे शब्दच छापलेत. आधीच्या जुन्या फायर पॉलिसीत आदळण्याचं कलम वाहनं आणि जनावरांपुरतंच होतं. वादळाविना, भर उन्हात झाड कोसळलं तर वादाला जागा होती. आता तशी नाही. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल हेही घरातच धरलं जातं.

आता हिशेब. घराचा विमा बाजारभावाचा नसतो, बांधकामाच्या खर्चाचा असतो. समजा, ४५० चौरस फूट कार्पेट आणि बांधकाम फुटाला २,००० रुपये, तर विमा ९ लाखांचा. जमिनीची किंमत त्यात नाही, कारण झाड पडून जमीन कुठे जात नाही! घरातल्या सामानाला आपोआप २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. पडलेला ढिगारा हटवायला मात्र क्लेमच्या २ टक्केच मिळतात. दीड लाखाच्या क्लेमवर फक्त ३ हजार. आणि झाड कशालाही धक्का न लावता अंगणात आडवं झालं, तर विम्याचा काही संबंध नाही. कुऱ्हाडवाला तुमचा, खर्च तुमचा.

सोसायटीवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीच्या विम्याची सक्ती आग आणि भूकंप एवढ्यापुरतीच लिहिलीय. वादळ आणि झाड त्यात नाही. तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडून झालं की सेक्रेटरींना पॉलिसीची कॉपी मागा. खाली उभी असलेली गाडी घराच्या विम्यात येत नाही. तिच्यासाठी गाडीचा ‘ओन डॅमेज’ विमा लागतो, नुसता थर्ड पार्टी चालत नाही. आणि होम लोनबरोबर बँकेने गळ्यात मारलेला ‘इन्शुरन्स’ एकदा उघडून बघा. बऱ्याचदा तो तुमच्या जिवाचा असतो, घराचा नाही. तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल. पण तुम्ही धडधाकट आहात आणि छप्पर गेलं, तर?

झाड पडलंच, तर आधी माणसं बाहेर काढा. मग सगळ्या बाजूंनी फोटो आणि लगेच कंपनीला फोन. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री जरूर टाका, पण सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडलेले वासे आणि भिजलेला टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. क्लेम विनाकारण अडवला तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, एक पैसा लागत नाही.

‘‘मग झाडच तोडून टाकू ना, कटकट नको,’’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसं करता येत नाही. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. फांदी धोकादायक वाटत असेल तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. सावली, कैऱ्या, पहाटेचा कोकीळ हे सगळं फुकट वापरायचं आणि वाऱ्याच्या भीतीने बुंध्याला हात घालायचा, हे काही बरं नाही. ईएमआयपुढे घराच्या विम्याचा हप्ता अगदीच किरकोळ. तेवढ्यात झाडही राहतं, छप्परही राहतं आणि कंपाउंडपलीकडच्या माणसाला ‘भाऊ’ म्हणायची सोयही राहते.