अव्वाची चप्पल

होटगी,
येळवशीचा दुसरा दिवस

चि. सौ. छोटीस,


तुझं पार्सल परवा मिळालं. अव्वासाठी पाठवलेली शाल तिने लगेच अंगावर घेतली आणि काल रानात जातानाही काढली नाही. सोबतच्या चार औषधांना मात्र मी हात लावू दिलेला नाही. मल्टिव्हिटॅमिनची बाटली, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, फॉलिक अ‍ॅसिड आणि केसांच्या गोळ्या, सगळं कपाटात कुलपात आहे. रागावू नकोस. तू मायेनेच पाठवलंस. पण गेल्या वर्षापासून इथे जे झालं, ते फोनवर तुला कधी नीट सांगितलं नाही. आज सविस्तर लिहितो.

सुरुवात चपलेपासून झाली. गेल्या वर्षी श्रावणात अव्वा देवळातून आली ती एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी. मी विचारलं, "दुसरी कुठाय?" ती खाली बघून चपापली. चप्पल वाटेत निसटली होती आणि तिला कळलंच नव्हतं. सगळे हसलो. सून जाऊन घेऊन आली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग रात्री परसात जाताना भिंतीला धरून चालणं, डोळ्यांवर पाणी मारताना तोल जाणं, पायाला मुंग्या. ती म्हणायची, "पायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतंय." आम्ही म्हणालो, वय झालं.

त्याहून वाईट म्हणजे तिचा स्वभाव. जी बाई आयुष्यात कुणाला उणं बोलली नाही, ती सुनेवर पैसे चोरल्याचा आळ घेऊ लागली. पैसे तिच्याच उशीखाली असायचे. रात्र रात्र झोप नाही. नातवाचं नाव आठवेना. शेजारची एक बाई दृष्ट काढून गेली, एकाने गंडा बांधायला सांगितला. मी विज्ञान शिकवण्यात तीस वर्षं घालवली, पण मीसुद्धा मनाशी म्हातारचळ म्हणून टाकलं होतं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

शेवटी सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी लोखंडी काटा टेबलावर आपटला, तो घुमायला लागला, आणि त्याचं बूड अव्वाच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं. "थरथर थांबली की सांगा आजी." अव्वा म्हणाली, "लावा की आधी." काटा अंगठ्यावरच होता. घोट्यावरही तेच. गुडघ्यावर टेकवला तेव्हा कुठे तिला थरथर कळली. नंतर त्यांनी तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तिला सावरायला मी धावलो.

रक्तात बी-12 निघालं 96. निदान दोनशेच्या वर हवं.

छोटी, या बी-12 ची रोजची गरज किती, तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका खड्यापेक्षाही कितीतरी कमी. ते ना झाड तयार करतं ना जनावर, फक्त जिवाणू करतात. जनावरांच्या पोटातून ते दुधात, अंड्यात, मांसात येतं. भाजी, डाळ, भाकरी यांत ते नाही. आपलं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आपल्याला मिळायचं ते दूध-दही-ताकातून. पण आपले वडील अण्णाप्पा गेल्यावर अव्वाने दूध सोडलं, चहाही कोरा. त्यात उपास. आणि साखरेसाठी चौदा वर्षं मेटफॉर्मिन. हे औषध चांगलंच आहे, पण बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून बी-12 शोषलं जाणं कमी होतं. वर पित्तासाठी रोज सकाळी आम्ल कमी करणारी गोळी. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, तेच आम्ही दाबत होतो. म्हणजे घरात येण्याचं दार बंद आणि जे येईल त्याला आत घ्यायलाही कुणी नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून इतकी वर्षं निभावलं. चौदा वर्षांत एकदाही कुणी ही तपासणी लिहून दिली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एकाआड एक दिवस, मग आठवड्याला, आता महिन्याला. तिसऱ्या आठवड्यात ती सकाळी उठून सुनेला म्हणाली, "माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर मनात ठेवू नकोस." सून पदर तोंडाला लावून रडली. झोप आली, नावं परत आली. मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, नसेवरचं आवरण फार दिवस खराब राहिलं की सगळंच भरून येत नाही. आपण जवळजवळ वर्ष घालवलं. त्या वर्षाची किंमत तिच्या तळपायांनी मोजली.

आता तुझ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या बाटलीबद्दल. ही गोष्ट नीट वाच, कारण तिचा संबंध तुझ्या घराशीही आहे.

1928 साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त उरत नव्हतं, आणि कित्येकजणी त्यात दगावत होत्या. बाईने तपासलं, जंतू सापडेना. ताटात काय आहे ते पाहिलं तेव्हा गरीब घरच्या जेवणात काहीतरी उणं आहे असं तिच्या लक्षात आलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, स्वस्त वस्तू. तो दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 साली तिने हे जगापुढे मांडलं. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून जे वेगळं काढलं गेलं, ते फॉलिक अ‍ॅसिड. आज जगभरातली गरोदर बाई जी गोळी घेते, तिचं मूळ मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांत आहे. आपल्या आजीची पिढी सोलापूरच्या गिरणीत राबली, म्हणून ही गोष्ट वाचताना मला आपल्याच घरची वाटली.

पण फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 रक्त तयार करण्यात जोडीने काम करतात. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक भरपूर दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, हिमोग्लोबिन वर येतं, घरचे निर्धास्त होतात. आणि आत नसांची खराबी चालूच राहते. अव्वाला मी दोन वर्षांपूर्वी ही बाटली दिली असती तर तिचा चेहरा तजेलदार दिसला असता आणि पाय गेले असते.

काल रानात येळवशीची पूजा झाली. पांडवांपुढे भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं मांडलं. भज्जीत हरभऱ्याचा पाला, ओले दाणे, पावटे, तुरीच्या शेंगा. वाढताना मनात आलं, या एका पातेल्यात फोलेट, म्हणजे अन्नातलं फॉलिक, इतकं आहे की बाटलीची गरज नाही, आणि बी-12 एक कणही नाही. मराठी मुलखाची खरी स्थिती हीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. गरोदर बायकांत फोलेट जवळपास सगळ्यांचं ठीक होतं, आणि बी-12 निम्म्याहून जास्त जणींचं कमी. 2008 मध्ये त्यांनी सांगितलं की ज्या आयांचं फोलेट वर आणि बी-12 खाली होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सगळ्यांत मंद होता. म्हणजे मधुमेहाची वाट आईच्या पोटातच पडू लागते.

यातून फॉलिकची गोळी वाईट असं मुळीच समजू नकोस. बाळाचा मणका नीट जुळून यावा म्हणून ती लागतेच. फक्त तिची जोडीदार गैरहजर असू नये.

ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांचं सांगतो. स्टेशनच्या बाजूला राहणारे ते निवृत्त रेल्वेवाले काका तुला आठवत असतील, गदग लाइनच्या गप्पा सांगणारे. गुडघे दुखतात म्हणून त्यांना कुणीतरी आठवड्याला एक पुडी सांगितली. एका पुडीत 60,000 युनिट. माणसाला दिवसाला लागतात 600. म्हणजे एक पुडी ही शंभर दिवसांची शिदोरी. कमतरता असेल तर अशा पुड्या साधारण आठ आठवडे देतात, मग थांबवतात किंवा लांबवतात. काकांना 'सुरू करा' म्हणणारा भेटला, 'थांबा' म्हणणारा कुणी भेटलाच नाही. दोन वर्षं दर रविवारी दुधात घालून घेत राहिले. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं, पण अ, ड, ई, के ही चरबीत साठतात. ड वाढलं की रक्तात कॅल्शियम चढतं. काकांना आधी तहान आणि बद्धकोष्ठ, मग उलट्या, मग भ्रम. स्वतःच्या बायकोला "तुम्ही कोण?" विचारू लागले. मुतखडा झाला, मूत्रपिंडाला झळ पोचली. अव्वाला उणेपणाने जे झालं, त्यांना अधिकपणाने तेच झालं. दोन्ही घरांत आधी 'डोकं फिरलं' हाच निष्कर्ष.

हे नुसतं ड चंच नाही. बी-6 कमी पडलं तर नसा बिघडतात. क्षयाच्या औषधाबरोबर ते म्हणूनच देतात. आणि 1983 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात माणसांची हकीगत छापली, जी बी-6 रोज दोन ते सहा ग्रॅम घेत होती. त्यांचेही पाय बधिर झाले, चालताना तोल जाऊ लागला. अव्वाचीच लक्षणं, कारण अगदी उलटं. तू केसांसाठी घेतेस त्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असतं, त्याने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे खोटे येऊ शकतात. पुढच्या वेळी रक्त द्यायच्या आधी प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना ते सांग.

तुला वाटेल, जुन्या माणसांना हे कुठे कळत होतं, ती तर धडधाकट होती. सगळीच नव्हती, छोटी. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग होता. उन्हात उघडे राहणारे हात, पाय, मान काळपट होऊन सोलायचे, हगवण लागायची, आणि मग मन बिघडायचं: झोप नाही, उदासी, संशय, शेवटी वेड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. हा रोग नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा. मक्यावर जगणाऱ्यांत तो होतो हे ठाऊक होतं. ज्वारीवाल्यांत का, तर ज्वारीत ल्यूसिन जास्त असल्याने शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं, असं गोपालन यांनी 1960 साली मांडलं. या मताबद्दल शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले. पण ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरं काही नव्हतं त्यांनाच तो गाठायचा, याबद्दल वाद नाही.

आणि आता आपल्या कडक भाकरीशेजारी काय असतं ते आठव. शेंगाची चटणी. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 12 मिलिग्रॅम नायसिन असतं, मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा मोठा हिस्सा. उखळात लसूण-तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली ती चटणी अव्वा तोंडी लावणं म्हणून वाढायची, आणि भाकरीत जे उणं होतं ते ती भरून काढत होती. ज्याच्या घरी ती चटणीही नव्हती, त्याची कातडी सोलली आणि त्याला लोकांनी वेडा म्हटलं. मला या गोष्टीने फार हलवलं. चटणी डब्यातून पाठवतोय, अव्वाने स्वतः उखळाशी बसून कुटलीय. मुसळ उचलताना हात थरथरत नव्हते.

ती आता रोज रात्री पेलाभर दूध घेते. "अण्णाप्पांनी पण घ्यायलाच सांगितलं असतं," असं मी म्हणालो तेव्हा कबूल झाली.

आता मुख्य सांगणं. तुझ्या लेकीला चौथा महिना आहे. तीही आपल्यासारखीच शाकाहारी, दुधाचा वास सोसत नाही म्हणतेस, आणि फॉलिकची गोळी पहिल्या दिवसापासून घेते. गोळी बंद करू नकोस. पण तिचं बी-12 अजून एकदाही तपासलेलं नाही, हे तूच मागे बोललीस. या आठवड्यात तपासून घे आणि कमी निघालं तर तिच्या डॉक्टरांना इंजेक्शन की गोळी ते विचार. सोबत तुझंही तपास, तूही सहा वर्षं मेटफॉर्मिनवर आहेस. रिपोर्ट आले की मला फोटो पाठव, मी वाट बघतोय.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा ही औषधं परत घेऊन जा. अव्वा तुला आणायला स्टेशनवर येणार म्हणते, चालत.

तुझा,
अण्णा