चांद आणि तिकीट

युरोपात वेगवान रेल्वेचं तिकीट जितकं आधी काढाल, तितकं बहुधा स्वस्त. आपल्या वंदे भारतचं भाडं ठरलेलं. आधी काढलं तर जागा मिळते, एवढंच. 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. साधारण साडेसहा तासांत माणूस घरी. पण आरक्षण उघडतं 60 दिवस आधी, आणि ईदचा चांद दिसतो आदल्या संध्याकाळी! रोजे एकोणतीस की तीस, आधी कोण सांगणार? मुंबईत नोकरीला असलेले माझे जुने विद्यार्थी म्हणून दोन दिवस अलीकडचं तिकीट काढतात आणि एक रजा जास्तीची मागतात. साहेब म्हणतात, "नक्की तारीख सांग." इकडे अम्मी म्हणते, "चांद कधीही दिसू दे, शीरखुर्म्याला तू घरात पाहिजेस."