जोड्या मोडताना

उघड्या कपाटासमोर उभं राहून "घालायला काही नाही" म्हणणाऱ्या बाईला मी कधी हसत नाही. घड्यांवर घड्या रचलेल्या असतात, हँगरला हँगर भिडलेले असतात, वरच्या फळीवरची एखादी साडी अंगावर यायच्या बेतात असते. तरीही तिचं म्हणणं खरं असतं. तिला कपडे दिसतच नसतात. तिला दिसतात त्या जोड्या. हा कुर्ता त्या सलवारीचा, ही ओढणी त्या दोघांची, हा ब्लाउज लग्नातल्या शालूचा, हा परकर फक्त जांभळ्या साडीखालचा. दुकानातून जसे आले तसेच ते वर्षानुवर्षं एकमेकांना धरून बसलेले असतात. सलवार विटली की धडधाकट कुर्ताही तिच्याबरोबर बाद होतो. ओढणी कुठे विसरली की अख्खा ड्रेस कपाटाच्या तळाला जातो.

या जोड्या मोडाव्यात, असं मला मनापासून वाटतं. सहा साड्या आणि त्यांचे सहा ब्लाउज म्हणजे आपल्या हिशेबी सहा पोशाख. जोड्या मोडल्या तर तेच छत्तीस होतात. त्यातले निम्मे शोभणार नाहीत, हे मान्य. उरलेल्या निम्म्यांत असं काही हाती लागतं, जे कुठल्याच दुकानात टांगलेलं नसतं.

मॅचिंगचा आग्रह आपल्याकडे तसा अलीकडचा. आधीच्या कितीतरी बायकांचं आवडतं नेसणं म्हणजे इरकली लुगडं आणि खणाची चोळी, आणि त्या दोघांत मॅचिंग म्हणावं असं काहीच नसे. हिरव्या लुगड्यावर गुलबक्षी खण, काळ्यावर कुसुंबी, डाळिंबीवर मोरपिशी. दोन्ही कापडं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, एक इलकलचं, दुसरं गुळेदगुड्डचं. खण अरुंद पन्ह्याचा, अंगभर बारीक नक्षी आणि कडेला काठ. चोळी शिवताना तो काठ बाहीवर यायलाच हवा, हा दंडक. इरकलीच्या पदरावर तर माझा फार जीव आहे. लालभडक, त्यावर पांढरे पट्टे आणि शिखरासारखे वर चढणारे टोकदार आकार. हा पदर बाकीच्या लुगड्याबरोबर सलग ताण्यावर येत नाही. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा; विणकर दोन्हीकडची सुतं फासे घालून एकमेकांत अडकवतो आणि मग विणायला बसतो. त्यामुळे अशा पदराची साडी हवी तर एका ताण्यावर एकच निघते. लांबलचक ताणा लावून ओळीनं साड्या काढत जाण्याची सोय तिथे नाही. इतकी खटपट कशासाठी, तर अंगाचा रंग एक आणि पदराचा दुसरा असावा म्हणून. ज्यांनी दोन अनोळखी रंग भेटवण्यासाठी एवढं सोसलं, त्यांचं लुगडं आपण त्याच रंगाच्या ब्लाउजवर नेसलो तर त्यांची मेहनत आपल्याला कळली नाही असंच म्हणायचं.

रंग एकमेकांशेजारी बसले की काय होतं, याचा नीट अभ्यास पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात झाला. तिथे भिंतीवर टांगायची मोठमोठी चित्रं विणली जात. १८२४ मध्ये मिशेल युजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगकामाचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली, की आपला काळा रंग कमजोर आहे; निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना तो फिका पडतो. त्यानं दुसरीकडची काळी लोकर मागवली, शेजारी ठेवून पाहिली. काळा कुठेच उणा नव्हता. त्याला उणं करत होते ते शेजारचे निळे-जांभळे. त्यातून पुढे त्यानं रंगांच्या शेजाराचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या चंद्रकळेला हे कुणी शिकवायला नको होतं. तिच्या काळ्याशेजारी लाल काठ असतो, म्हणून तो काळा इतका गहिरा दिसतो. तीच चंद्रकळा संक्रांतीपुरती बाहेर काढायची आणि काळ्याच ब्लाउजवर नेसून पुन्हा वर्षभरासाठी डांबराच्या गोळ्यांच्या हवाली करायची, याचं मला वाईट वाटतं. आषाढातल्या झाकोळलेल्या दिवशी हळदी रंगाच्या खणावर ती नेसून बघावी. काळा तोच, पण जागा झालेला.

पुढे ब्लाउजपीस आले, टू बाय टू रुबिया आली आणि दादरपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत मॅचिंग सेंटरं उभी राहिली. ती दुकानं मला आजही आवडतात. छतापर्यंत रचलेले तागे, एकाच आमसुली रंगाच्या शेजारीशेजारी ठेवलेल्या कितीतरी छटा, आणि ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता साडीचं टोक आणि कापड दोन्ही घेऊन पायरीवर उन्हात जाणाऱ्या बायका. दुकानदारही काही न बोलता ते उचलून देतो. रंगाकडे इतक्या एकाग्रतेनं बघणारी माणसं मी चित्रांच्या प्रदर्शनातही क्वचित पाहिली आहेत. मला एवढंच वाटतं, की हे पायरीवरचं बघणं घरी कपाटापाशीही व्हावं, आणि ते 'हुबेहूब कुठला' यापेक्षा 'शेजारी कुठला' या प्रश्नानं व्हावं.

माझी भाची नोकरीसाठी पुण्यात असते. पावसाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली असताना एका दुपारी आम्ही माझं कपाट पलंगावर उपसलं. आधी सगळ्या जोड्या सोडवल्या. साड्यांच्या घडीत वर्षानुवर्षं दडवून ठेवलेले ब्लाउज बाहेर काढले आणि त्यांचा वेगळा ढीग केला. ओढण्या वेगळ्या, सलवारी वेगळ्या. नुसतं एवढं केलं तरी खोली बदलली. ज्याला मी 'तो निळा ड्रेस' म्हणून ओळखत होते, त्याचे तीन सुटे कपडे झाले आणि त्यातली ओढणी किती सुंदर आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. बांधणीची होती. कुर्त्याच्या गडद नक्षीखाली तिचे ठिपके कधी वर आलेच नव्हते. भाचीनं ती आपल्या साध्या पांढऱ्या सुती फ्रॉकवर घेतली, आणि एकेक ठिपका मोजता यावा इतकी ती उघडी झाली.

मग आईची बाटलीहिरवी नारायणपेठ. तिचा मूळचा ब्लाउज भाचीला बसेना. ती इकडेतिकडे बघत होती, तोच खुर्चीवर इस्त्री करून ठेवलेला माझ्या यजमानांचा पांढरा झब्बा तिच्या हाती लागला.

"मावशी, काकांना विचारायला नको?"

"घाल तू आधी."

तिनं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, झब्बा आत खोचून वर साडी नेसली, पदराच्या अरुंद चुण्या करून खांद्यावर घेतल्या. उभ्या कॉलरीच्या पांढऱ्या पट्टीशेजारी तो हिरवा असा काही उठला, की मी दाराशी उभी राहून बघतच राहिले. आईनं ही साडी हळदीकुंकवाला नेसलेली मला आठवते. तिच्या अंगावर ती भारदस्त दिसायची. या मुलीच्या अंगावर ती चपळ झाली होती. साडी दोघींची होती आणि दोघींना वेगळी ओळखत होती. शिवलेल्या कपड्याला हे जमत नाही. साडीला माप नसतं, म्हणून तिला वयही चिकटत नाही.

नेसणं बदललं तरी साडी बदलते, हे आपण फार विसरतो. जिचं सगळं देखणेपण पदरात आहे ती गुजराती पद्धतीनं सुलट्या पदरानं नेसावी, म्हणजे पाठीमागे लपणारा पदर समोर छातीवर पसरतो. जिचे दोन्ही काठ वेगळ्या रंगाचे आहेत ती कधी उलटी करून, वरचा काठ खाली घेऊन नेसावी. काही हातमागाच्या साड्यांना उजवी-डावी बाजू जवळपास सारखीच असते. दर्शनी बाजू उन्हानं विटली तर आतली अजून ताजी असते. लग्नात एकदाच घातलेला जरीचा ब्लाउज साध्या सुती साडीवर घालावा. जरीवर जरी चढवली की दोन्ही एकमेकींना झाकतात. साध्या कापडाशेजारी तीच जरी निवांत चमकते. सलवार-कुर्त्यांत मला एकच पथ्य उपयोगी पडलं आहे. नक्षी एकाच कपड्यावर, दुसरा सपाट, आणि त्या सपाटाचा रंग नक्षीतल्या सगळ्यात कमी दिसणाऱ्या रंगातून उचललेला. पिवळ्या फुलांच्या देठातला करडा रंग, पानाच्या कडेचा तपकिरी. डोळे तो रंग शोधायला लागले की कपाट मोठं होत जातं.

हे शोधणं मुंबईच्या बायका दरवर्षी नऊ दिवस करतातच. नवरात्रात रोज एका रंगाचा पेहराव करायची कल्पना 'महाराष्ट्र टाइम्स'नं २००३-०४च्या सुमारास रुजवली, आणि बघता बघता लोकलचे डबे, बँका, शाळा रंगून निघाल्या. त्याच्या धार्मिकतेबद्दल किंवा बाजारूपणाबद्दल लोक बरंच बोलतात. मला त्यातला राखाडी दिवस आवडतो. लाल, पिवळा, हिरवा सगळ्यांकडे असतो. राखाडी कुणाकडेच नसतो. मग आदल्या रात्री कपाटं उपसली जातात. मुलाच्या शाळेच्या गणवेशातली पँट, सासऱ्यांची शाल, चंदेरी साडीची राखाडीकडे झुकणारी घडी, शेजारणीची ओढणी. सकाळच्या गाडीत ते सगळे राखाडी एकत्र येतात, आणि एकही दुसऱ्यासारखा नसतो.

हा सगळा आज माझा आनंद आहे. माझ्या पणजीच्या पिढीत तो इलाज होता, आणि हे दोन्ही एकच म्हणणं बरोबर नाही. लुगडं बसायच्या जागी विरलं की तेवढा भाग कापून टाकत आणि दुसऱ्या जुन्या लुगड्याचा धड तुकडा जोडत. याला दंड घालणं म्हणत. जोडाची शिवण निऱ्यांत जाईल किंवा कमरेशी खोचली जाईल अशा बेतानं नेसायचं, कारण दंडाचं लुगडं चारचौघांत दिसणं लाजेचं होतं. दंडही धरेना झाला की लुगडं गोधडीत जाई. धोतराची बाळासाठी दुपटी होत, लंगोट होत, आणि उरलेलं मऊ फडकं चक्का बांधायला लागे. त्या कष्टांना शोभेचं नाव द्यायला माझं मन धजत नाही. पण त्या हातांचं ज्ञान मला हवं आहे. कापड सगळीकडे सारखं मरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. टाचेशी घासणारा खालचा काठ आधी जातो. मग बसायची जागा. मग वर्षानुवर्षं त्याच रेघेवर पडलेल्या घड्या. कमरेशी खोचलेला वरचा भाग मात्र शेवटपर्यंत जिवंत असतो. जुन्या साडीचं काही शिवायचं असेल तर पहिली कात्री तिथे लावावी.

कात्री लावण्याबद्दल मात्र मी कडक आहे. धडधाकट पैठणीचा गाऊन शिवून घेणं हल्ली फार चाललं आहे. माझ्या जिवाला ते लागतं. न कापलेली साडी उद्या कुणाच्याही अंगावर कशीही जाऊ शकते. गाऊन एकाच मापाच्या अंगाला बांधला जातो. जी विरली आहे तिचे काठ सोडवून नव्या रेशमाला लावावेत, पदराचं जाकीट करावं, त्यात आनंदच आहे. आमच्या टेलरकाकांकडे मी एकदा जुना रेशमी शालू घेऊन गेले होते. त्यांनी तो खिडकीशी धरला, दोन्ही अंगठ्यांनी आडवा हलकेच ताणला. कापडात केसासारखी एक भेग पडली. "ताई, हा टाक्याला धरणार नाही. अस्तर लावून देतो म्हणालो तर अस्तर राहील, रेशीम जाईल." त्यांनी पैसे मिळवायची संधी सोडली, आणि शालू घडी करून परत दिला. त्याच काकांनी आईच्या हिरव्या ब्लाउजच्या बगलेतली टीप उसवून आतली माया मोकळी केली. बोटभर कापड निघालं, कोवळ्या पानाच्या रंगाचं. बाहेरचा हिरवा उन्हापाण्यानं किती बदलला होता ते तेव्हा कळलं.

झब्बा पुण्याला गेला तो गेलाच. नारायणपेठही गेली, आणि तो ब्लाउजही. भाची आता साड्यांचे फोटो पाठवते, खाली प्रश्न लिहिते. परवा तिच्या आजेसासूबाईंच्या एका इरकलीचा फोटो आला. अंग चार ठिकाणी विरलेलं, पदर मात्र तसाच लालभडक. "मावशी, पदर कापून जाकीट शिवू का? काठ बाहीला येतील." मी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. विरलेल्या जागा सगळ्या खालच्या बाजूला होत्या. मी लिहिलं, "इतक्यात कापू नकोस. खालचा काठ वर घे, उलटी करून सुलट्या पदरानं नेस, आणि उन्हात उभी राहून फोटो पाठव."