लॅपटॉपची डुलकी

माणसाला भलत्या वेळी झोप का येते, याची कारणे जगजाहीर आहेत: पुरणपोळीचे जेवण, दुपारचे कीर्तन आणि अध्यक्षीय भाषण. परंतु ज्याला यातले काहीच लागू नाही असे यंत्र भर कामात डोळे मिटू लागले, म्हणजे घरच्या मंडळींना यंत्राचा संशय येत नाही, चालवणाऱ्याचा येतो. त्यातून ती व्यक्ती ७८ वर्षांची असली तर विचारूच नका.

माझी आत्या डोंबिवलीला मुलाकडे असते. तिच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आज घरात फक्त तिलाच येतात. गेल्या पावसाळ्यात तिने त्या नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या. पहिल्या चाळीस बिनबोभाट झाल्या, आणि मग लॅपटॉप डुलक्या घेऊ लागला. एक चरण होतो न होतो तो पडदा काळा! वास्तविक झोपलेल्या लॅपटॉपचे काही हरवत नाही. स्मृतीपुरती वीज तो चालू ठेवतो; जागा झाला की अक्षरन् अक्षर जागच्या जागी. आत्याच्या स्मृतीला मात्र तशी सोय नाही. ओवी लयीत येते. लय तुटली की पुढचा चरण गेलाच.

"आजी, तूच काहीतरी दाबतेस," नातू म्हणाला. तरी त्याने 'किती वेळाने झोपावे' या रकान्यात 'कधीच नाही' असे भरून पाहिले. व्यर्थ. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला, (या मंडळींचा मदरबोर्डावर इतका राग का, कोण जाणे!) सूनबाई त्याच लॅपटॉपवर रात्री तासन् तास काम करी, तेव्हा तो टक्क जागा. "आई, तुम्ही जरा विश्रांती घ्या," ती मायेनेच म्हणाली. आतेभाऊ मात्र मला गॅलरीत घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आईला एकदा डॉक्टरांना दाखवावं का रे? विसरतेही हल्ली."

आत्याने ते ऐकले असावे. त्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला नाही.

मी यंत्रांतला तज्ज्ञ नव्हे; परंतु बँकेत हयात घालवलेला माणूस आधी नोंदवही पाहतो. विंडोज अशी वही ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टिम'मध्ये 'कर्नल-पॉवर' या नावापुढची क्रमांक ४२ ची नोंद शोधावी. यंत्र कधी व का झोपले ते तिथे असते. नुसता वेळ भरला असेल तर तसे, बॅटरी संपत आली असेल तर तसे. इथे प्रत्येक वेळी एकच कारण होते: बटण किंवा झाकण.

झाकण तर सताड उघडे! पण लॅपटॉपला डोळे कुठे असतात? बहुतेकांच्या पडद्याच्या कडेत एक चिमुकले लोहचुंबक असते आणि खाली कळफलकाच्या बाजूला ते ओळखणारा संवेदक. चुंबक जवळ आले की 'झाकण मिटले' असे तो समजतो. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या वर्खातून वीज सोडून जो परिणाम शोधला, त्यावरच असे संवेदक चालतात. दुसरे कुठले चुंबक तिथे आले, मागे चुंबक असलेला फोन म्हणा की टॅबलेटचे कव्हर म्हणा, तरी तो फसतो. आणि 'कधीच नाही' ही तंबी रिकामे बसण्यापुरती असते. झाकणाचा हुकूम निराळा.

"आत्या, तुझ्या डाव्या हातात ते काय आहे?"

मनगटदुखीसाठी शेजारणीने आणून दिलेले चुंबकाचे कडे! महिन्यापूर्वीचे. (अशा कड्यांनी दुखणे थांबते याला भक्कम शास्त्रीय पुरावा नाही, पण शेजारणीला हे कोण सांगणार?) आत्या टंकू लागली की तेच मनगट नेमके संवेदकावर टेकत होते.

आत्याने कडे काढले, डाव्या कडेवर धरले. पडदा काळा. दूर नेले, जागा केला, पुन्हा धरले. पुन्हा काळा. मग तिने सूनबाईला हाक मारली, कडे तिच्या हातात घातले आणि म्हणाली, "आता तू टंक बघू." लॅपटॉप तत्काळ घोरू लागला. आतेभाऊ वर्तमानपत्रात फार खोल शिरला होता.

आता लिहिताना कडे कॅलेंडरच्या खिळ्याला असते. ओव्या दीडशेच्या पुढे गेल्या आहेत. त्रेचाळिसाव्या ओवीचा शेवटचा चरण मात्र अजून आठवलेला नाही; तिथे आत्याने एक ओळ कोरी ठेवली आहे.