वहीपूजन

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असे लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या घरापुरते ते निम्मे खरे आहे. लक्ष्मी नांदत नाही, याची आठवण माझी पत्नी दर महिन्याच्या पंचविशीनंतर न चुकता करून देते. सरस्वती नांदते की नाही, हे मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल, तर जुन्या भाषेत मॅट्रिक. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका तेवढी. शिक्षकांच्या खोलीत माझ्या डाव्या हाताला एक एम.ए. बसतात, उजव्या हाताला एक एम.एस्सी. मधल्या खुर्चीत मी.

या खुर्चीची मला पूर्वी लाज वाटे. पुढे पहिली कादंबरी छापून आली. प्रकाशकांनी मलपृष्ठावर 'लेखकाचे शिक्षण फक्त मॅट्रिकपर्यंत' असे ठळक छापले आणि लाजेचा एका रात्रीत अभिमान झाला. तेव्हापासून वर्गात, रेषा आखून झाल्या आणि तास संपायला दहा मिनिटे उरली, की मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगू लागलो. आमच्या भागातल्या मुलांना किर्लोस्करवाडी म्हणजे मिरजेच्या वाटेवरचे एक स्टेशन. मी सांगे, "हा माणूस 1869 साली जन्मला. पदवी नाही. बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष लागेल, म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पण 1910 साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर त्याने कारखाना उभा केला. बोला, कुठल्या कॉलेजात शिकला होता तो?" मुले एका सुरात म्हणत, "कुठल्याच नाही!" घंटा होई. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक बाई घरी आल्या. त्यांचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला. हात चांगला होता. एलिमेंटरीची परीक्षा त्याने मजेत दिली होती. नववीनंतर शाळा सोडून तो बसस्टँडमागच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी भरायला लागला होता.

"कमावतोय, गुरुजी. बहिणीची फी तोच भरतो," बाई म्हणाल्या. "पण दहावी तरी करावी की नाही? मी म्हटलं तर म्हणतो, चित्रकलेच्या सरांना विचार. तुम्हीच काहीतरी सांगितलंय म्हणे."

मी काहीतरी सांगितले होते खरे!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गेलो. दाराशी तांब्याच्या जुन्या तारांची जळकी वेटोळी, आत व्हार्निशचा उग्र वास. मुलगा मांडी घालून बसला होता. जळालेल्या मोटारीतली जुनी गुंडाळी तो एकेक करून काढत होता, तारेचे वेढे मोजत होता आणि शेजारच्या शंभर पानी वहीत आकडे मांडत होता. किती अश्वशक्ती, किती खाचा, किती वेढे, तार कोणत्या गेजची. प्रत्येक मोटारीला एक पान. पानावर कोणती गुंडाळी कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत शिरते, त्याची आकृती. वर्तुळे हाताने काढलेली, तरी गोल. ती मीच शिकवली होती.

मालकांनी चहा मागवला. गृहस्थ सातवी शिकलेले, पण गावात दुमजली घर बांधलेले. माझ्या येण्याचा हेतू त्यांनी ओळखला असावा. म्हणाले, "मास्तर, गेल्या महिन्यात एक पोरगा कामाला येतो म्हणाला. इंजिनियर! पक्कड कशी धरायची ते आमच्या या पोरानं त्याला दाखवलं. आणि आपले वसंतदादा? कितवी शिकले होते? झालेच ना मुख्यमंत्री?"

मी मुलाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "आणि किर्लोस्कर, सर. तुम्हीच सांगितलं होतं. शिवाय आता फोनवर सगळं बघायला मिळतं."

माझ्याच पिठाच्या रेघोट्या मला ओढून दाखवल्या जात होत्या. काय बोलावे ते सुचेना. तेवढ्यात एक शेतकरी मोटरसायकलवर बांधून मोटार घेऊन आला. ती दुसरीकडे कुणीतरी उघडली होती, जुनी तार काढून भंगारात घातली होती आणि मग काम अर्धवट सोडले होते. आत नुसत्या रिकाम्या खाचा. पट्टीवरची अक्षरे घासून गेलेली. मालकांनी आत डोकावून हात झटकले. "यात मोजायचं काय? सांगलीला न्या. तिथं डिप्लोमावाला आहे."

"नवी घेईन, पण आता हिच्यावर पैसा घालत नाही. पडू दे इथंच," म्हणून शेतकरी वैतागून निघून गेला.

मुलगा त्या रिकाम्या खाचांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने वही चाळली. सगळ्या पानांवर दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले वेढे होते. त्याने ते फक्त मोजले होते. ते तितकेच का, हे त्याच्या वहीत कुठेच नव्हते. फोनही त्याने काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. मी त्या दिवशी काहीही न बोलता घरी आलो.

रात्री झोप लागली नाही. किर्लोस्करांची गोष्ट मी खोटी सांगितली नव्हती. अर्धी सांगितली होती. लक्ष्मणराव मुंबईला जे.जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून चित्रे सुटली, पण तिथेच यांत्रिक रेखाटन त्यांनी पक्के केले. त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. म्हणजे माझ्यासारखाच रेखाटनाचा मास्तर! सायकलींचे दुकान आणि नांगर आले ते या शिदोरीनंतर. आणि स्वतःचा मुलगा, शंतनुराव, हाताशी आला तेव्हा 'मी शिकलो तसा तूही दुकानात शीक' असे म्हणून त्यांनी त्याला बसवले नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत पाठवले. 1926 साली तो तिथला पदवीधर झाला. घरी कारखाना असताना पोराला समुद्रापार शिकायला का पाठवले, हा प्रश्न मी मुलांना कधी विचारलाच नव्हता. त्याने टाळ्या मिळाल्या नसत्या.

मालकांच्या वसंतदादांचेही तेच. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे, हे खरे. पण मुख्यमंत्री असताना 1983 साली विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्यांनीच परवानगी दिली. त्यातून पुढे देणग्यांचा बाजार झाला की नाही, हा वाद वेगळा. शाळा न मिळालेल्या माणसाला दुसऱ्यांच्या पोरांसाठी महाविद्यालये हवीशी वाटली, एवढे मात्र त्यातून दिसते. आणि किर्लोस्करांचाच नांगर खेडोपाडी फिरून विकणारे भाऊराव पाटील! स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली ती 1959 साली, भाऊराव गेले त्याच वर्षी. शाळेवाचून चालते, असे या माणसाचे मत असते, तर ते मंगळसूत्र बाईंच्या गळ्यात राहिले असते.

मग माझ्या मलपृष्ठाची आठवण झाली. त्या कादंबरीचे हस्तलिखित आमच्या गावातल्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी तीनदा वाचले होते. एम.ए., बी.एड. माणूस. तिन्ही वेळा पानापानावर तांबडी शाई. तिसऱ्या वेळी म्हणाले, "पहिली शंभर पाने काढा. कथा तिथून सुरू होते." मी आठवडाभर रुसलो आणि मग काढली. त्यांनी फी घेतली नाही, प्रमाणपत्र दिले नाही. म्हणून मी स्वतःला स्वयंशिक्षित म्हणवून घेत आलो. मलपृष्ठावर त्यांचे नाव नाही. शाळेत वरच्या जागेची यादी लागते तेव्हा पदवीअभावी माझेही नाव तिच्यात नसते. तेही मी मुलांना कधी सांगितले नव्हते.

सकाळी दुकानात जाऊन हे सगळे मुलाला सांगितले. गुरूने चूक कबूल करावी आणि शिष्याने पाया पडावे, असे कादंबरीत होते. हा म्हणाला, "ते राहू द्या, सर. ती रिकामी मोटार कशी भरायची, तेवढं सांगा."

मला कुठले येणार! मी त्याला माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीकडे नेले. एम.एस्सी.ही प्रथम गडबडले. हे त्यांच्या पुस्तकात नव्हते. पण त्यांनी आय.टी.आय.तल्या एका ओळखीच्या निदेशकांकडून पुस्तक आणले. खाचांची संख्या, गाभ्याची लांबी नि व्यास, विजेचा दाब, सेकंदाला पन्नास आवर्तने, यांवरून वेढे कसे काढायचे, हे दोघांनी मिळून दोन रविवार घासले. मी शेजारी बसून आकृत्या काढल्या. पहिल्या भरणीत मोटार तापली. तार वाया गेली, मालक कुरकुरले. आकडेमोड बरोबर होती, पण गुंडाळी सैल बसली होती. ते मात्र मालकांनी नुसते बोटाने चाचपून सांगितले. दुसऱ्या भरणीत मोटार चालली.

त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून यंदा मार्चमध्ये दहावी दिली. गणितात जेमतेम सुटला. आता दिवसा आय.टी.आय.त इलेक्ट्रिशियनचे शिक्षण, संध्याकाळी दुकान. कमाई घटली आहे, हे त्याची आई मला भेटली की सांगते. तक्रार म्हणून सांगते की नाही, ते कळत नाही. तो पुढे श्रीमंत होईल की नाही, हेही मला ठाऊक नाही. दुमजली घर त्याला शाळेशिवायही बांधता आले असते. पण रिकामी मोटार आता तो सांगलीला पाठवत नाही.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मालकांनी मला दुकानात बोलावले होते. पाटावर लक्ष्मीचा फोटो, पक्कड, पाने, तांब्याच्या तारेचे नवे रीळ आणि हिशेबाची चोपडी. मालकांनी चोपडीवर हळदकुंकू वाहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "ए, तुझी ती वही आण की."

त्याने शंभर पानी वही आणून चोपडीशेजारी ठेवली. शेवटच्या पानावर रिकाम्या मोटारीची आकृती होती. तिच्याखाली त्याने तिघांची नावे लिहिली होती: एम.एस्सी. सरांचे, मालकांचे आणि माझे.

नव्या कादंबरीचे मलपृष्ठ परवा प्रकाशकांकडून पाहायला आले. त्यातली 'फक्त मॅट्रिक' ही ओळ मी खोडली आणि तिच्या जागी त्या निवृत्त शिक्षकांचे नाव लिहून पाठवले.