एकशे दहा रुपयांची फौज



दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात तयार मावळे मिळतात. पण अख्खी फौज घ्यायची म्हणजे खिसा रिकामा! म्हणून यंदा चौथीच्या मुलांनी ती वर्गातच केली.

शाडूची माती, केरसुणीच्या काड्यांचे भाले, चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या ढाली. प्रत्येकाने बोटाएवढे दोन शिपाई केले. ते सावलीत वाळवा बरं का, उन्हात तडे जातात. आधी सगळ्यांना पांढरा हात द्या. मग एक रंग सगळ्या शिपायांना लावून झाला की दुसरा काढा, म्हणजे रंग वाया जात नाही. मिशा टाचणीच्या टोकाने. एकूण खर्च एकशे दहा रुपये.

मग पाटावर उंबरखिंड मांडली. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवरायांनी कारतलबखानाची फौज तिथेच कोंडली होती. पुठ्ठ्याचे डोंगर, मधे चिंचोळी वाट. डोंगरावरचे सगळे मावळे फासा टाकणार, वाटेतल्या फौजेतले पुढचे दोघेच. पाच किंवा सहा पडले की समोरचा शिपाई बाद. मागची गर्दी नुसती उभी! खिंडीचं महत्त्व वेगळं सांगावंच लागलं नाही.

खानाचा एक शिपाई बाद झाला, तर तो करणारा मुलगा मूठ उघडेचना.

"बाई, याच्या मिशा मी रंगवल्यात. याला शरण नाही का येता येत?"

येतं की! खान शरणच आला होता, आणि महाराजांनी खंडणी घेऊन त्याला जाऊ दिलं होतं. हे मी दरवर्षी शिकवते. पण त्याचं मोल यंदा पहिल्यांदा मुलांनी मला शिकवलं.